आई, पूल आला

त्या पुस्तकाची प्रत माझ्याकडे नाही. पण तुम्ही चियांगमाईहून एवढ्या लांब लांपांगला आलात, तसंच परत पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून बसा. वीज आता लवकर येईल असं वाटत नाही. वणव्यांनी डोंगर जळायचे दिवस आले की आमच्या नदीकाठच्या गल्लीत ती अशीच जाते. दिवा आहे, चहा आहे. शेजारच्या तिपकाकांकडून नूडल्स मागवू. ते तिखट जरा सैल हातानं घालतात, आधीच सांगून ठेवते.

माझा उद्योग तुम्हाला माहीत आहे. लोकांनी टाकलेल्या, हरवलेल्या, जुन्या पुस्तकात विसरलेल्या चिठ्ठ्या मी उचलते आणि त्यांच्यावर चित्रांची पुस्तकं करते. बाजारात सापडलेली 'कोथिंबीर आणू नकोस, तो येणार नाहीये' अशी चिठ्ठी असेल, तर तो कोण, ती कोण, कोथिंबीर कुणाला लागायची, हे सगळं मी शाईनं रंगवते. पुस्तक घडीचं असतं, तुतीच्या सालीच्या कागदावर. शेवटच्या पानावर ती चिठ्ठी असते. छापलेली नाही बरं का. प्रत्येक प्रतीत मी ती माझ्या हातानं लिहिते, ज्यानं मूळ लिहिली त्याच्याच अक्षरात. आधी ते अक्षर गिरवत बसते. हात त्या माणसाच्या वळणानं आपोआप चालायला लागला की मगच प्रतींना हात घालते. लोक माझी पुस्तकं घेतात ती त्या शेवटच्या पानासाठीच, चित्रांचं कौतुक तोंडदेखलं असतं.

हे खूळ कुठून आलं असं सगळे विचारतात. खोटं कशाला बोलू, मला कुणी काही लिहीत नाही. या घरात मी एकटी राहते. फोनवर येतात त्या दुकानांच्या जाहिराती. म्हणून मग दुसऱ्यांना आलेलं वाचते.

तर त्या दिवशी मी कागद आणायला गेले होते, इतकंच. चे-होम गावाच्या वाटेवर एक म्हातारं जोडपं तुतीचा कागद करतं, त्यांच्याकडे. परत येताना दुपारचे जेमतेम दोन वाजले असतील, पण धुरामुळं दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. सूर्य लाल आणि थंड दिसत होता. रस्त्यावर एक गाडी नाही. एका लहानशा पुलावर खोकल्याची उबळ आली, म्हणून स्कूटर थांबवली. कठड्यावर एक दगड होता आणि दगडाखाली वहीचं फाडलेलं पान फडफडत होतं.

माझा एक नेम आहे. वाऱ्यावर असेल ते माझं, कुणी ठेवलेलं असेल ते नाही. पण तो दगड घसरला होता हो, पान अर्धं बाहेर आलं होतं. संध्याकाळपर्यंत नदीत गेलं असतं. मी ते काढून वाचलं.

'आई, पूल आला. घाबरू नकोस. पाणी खाली आहे, आपण वरून चाललोय. माझ्यामागं ये.'

बॉलपेननं दाबून लिहिलेलं होतं, इतकं की पानाच्या पाठीवरून बोट फिरवलं तर अक्षरं लागत होती. आमच्या लिपीत बहुतेक अक्षरं एका छोट्या गाठीपासून सुरू होतात. या माणसाची एकही गाठ बंद नव्हती, सगळी अक्षरं तोंड उघडं टाकून बसलेली. मला ते पान इतकं आवडलं की खोकला विसरले. दगड कठड्यावर नीट ठेवला आणि निघाले.

घरी आले तर तिपकाका रस्सा ढवळत दारातच उभे.

“काय फिन, आज कुणाचा कचरा आणलास?”

“सोनं आणलंय, काका.”

“मग माझ्या नूडल्सचे पैसे आजच देऊन टाक, एवढी श्रीमंत झालीस तर!”

पुस्तक झरझर झालं. कधी नव्हे ते एकही चित्र फाडलं नाही. मी एक म्हातारी काढली. ठेंगणी, केस बारीक कापलेले, पायात काही नाही, खांद्यावरच्या पंच्याचं टोक दातात धरलेलं. तिच्यापुढं एक माणूस पाठमोरा. तो आंधळ्या आईला पहिल्यांदा शहरात नेतोय, अशी गोष्ट मी मनात रचली होती. म्हातारीचा एक पाय जरा आखूड काढला गेला. का ते ठाऊक नाही, हात तसा गेला. मूळ पान माझ्या प्रतीत चिकटवलं, बाकीच्या प्रती लिहून काढल्या आणि एक सोडून सगळ्या चियांगमाईला नुतकडे पाठवून दिल्या. नुतचं तिथं कॉफीचं आणि पुस्तकांचं दुकान आहे, माझी सगळी विक्री तीच बघते. आठवडाभरात सगळ्या संपल्या.

त्यानंतर जिन्यावर पावलं वाजायला लागली.

आमचं घर लाकडी, नदीच्या बाजूनं एक जिना वर सज्ज्यापर्यंत येतो. उन्हं कलली की त्या जिन्यावरून कुणीतरी चढायचं. एक पाऊल जड, एक हलकं. जड... हलकं... मग वरच्या पायरीवर थांबायचं. मी दार उघडायची तर धूर आणि नदी, बाकी काही नाही. फक्त वास असायचा. मेलेल्या माणसाच्या हातावर आम्ही जे सुगंधी पाणी घालतो ना, त्याचा. गोड आणि गार. त्या वासाखाली दवाखान्याच्या फरशीचा वास.

भीती वाटली का? पहिल्या दिवशी वाटली, दाराला कडी घालून बसले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी सज्ज्यात पाण्याचा पेला ठेवला. त्यानंतर एकदा चहा करताना बघितलं, तर मी दोन कप काढले होते.

एका सकाळी तिपकाका म्हणाले, “पाहुणी आलीय का गं तुझ्याकडं?”

“कोण पाहुणी?”

“काल तुझ्या जिन्यावर बसली होती ती आजी. मी म्हटलं, आजी, वाटीभर नूडल्स देऊ का, गरम आहेत. तर माझ्याकडं बघेच ना. म्हणाली, पूल कुठंय?”

“मग?”

“मग काय, दाखवला. हा काय समोर पांढरा पूल. तर म्हणाली, हा नव्हे...” काकांनी पळी खाली ठेवली. “अनवाणी होती गं. एवढ्या तापलेल्या रस्त्यावर.”

त्याच दिवशी नुतचा फोन आला. नुत एरवी लाडानं बोलते, काम असलं की जास्तच. त्या दिवशी नाही.

“ताई, पुस्तकं परत येताहेत.”

“पानं सुटली का?”

“पानं कसली सुटताहेत! एक बाई आत्ता पुस्तक टेबलावर टाकून गेली, पैसेसुद्धा नकोत म्हणाली. तिच्या फाटकाशी रोज दिवस मावळताना एक म्हातारी येऊन उभी राहते. काही मागत नाही, नुसतं विचारते, पूल कुठंय. दुसरं एक गिऱ्हाईक अकराव्या मजल्यावर राहतं, त्याच्या दाराबाहेर तीच. लिफ्ट बंद होती ताई त्या दिवशी. ती जिन्यानं चढली असणार... मी पुस्तकं विकते की काय विकते, ते एकदा सांग मला.”

“लोकांना धुरात काहीही दिसतं,” मी म्हटलं.

“लोकांना दिसू दे. काल माझ्या दुकानाच्या पायरीवर मला दिसली. लंगडत होती.”

मी फोन ठेवला. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. माझं आयुष्य याच मुलखात गेलंय, म्हणून आता जास्तच नवल वाटतं. उजेड पडला तो संध्याकाळी. मी खिडकीशी शाई घोटत बसले होते. पांढऱ्या पुलाच्या तोंडाशी एक पिकअप हळू झाली. मागं शवपेटी, आणि पेटीवर हात ठेवून एक पोरगी बसलेली, पांढऱ्या कपड्यांत. दवाखान्यातून गावी नेत असणार. पूल लागला तशी ती पेटीवर वाकली आणि मोठ्यानं, अगदी स्पष्ट म्हणाली, “आजोबा, पूल आला. घाबरू नका. पाणी खाली आहे, आपण वरून चाललोय. माझ्यामागं या.”

माझ्या हातातली शाईची वडी खाली पडली.

हे आम्ही सगळेच म्हणतो. माणूस घराबाहेर मेला की त्याला घरी नेताना दर पुलाला, दर वळणाला सांगत जायचं, नाहीतर तो पाण्याशी अडतो, त्याला पुढची वाट कळत नाही. माझ्या आजीच्या वेळी आत्या हेच म्हणत गेली होती, मी तिच्या मांडीवर होते. पण म्हणतात हो हे! तोंडानं म्हणतात. कुणी लिहून ठेवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. कानाला पाठ असलेलं वाक्य डोळ्यांसमोर आलं आणि मी ते ओळखलं नाही.

म्हणजे कुणाची तरी आई त्या पुलावर अडली होती. तिची वाट मी माझ्या पुस्तकात चिकटवली होती. आणि तिच्या मुलाच्या अक्षरात 'माझ्यामागं ये' असं लिहून ते गावोगाव पाठवलं होतं. जिथं जिथं ते पान उघडलं गेलं, तिथं ती बिचारी पाय ओढत गेली होती.

तुम्ही म्हणाल, मी लगेच निघाले असेन. नाही निघाले. मी दोन दिवस घरात बसून राहिले. पावलं यायची, वर थांबायची, वास यायचा. मी आतूनच म्हणायची, “आलात का? बसा.” किती वर्षांत या घरात मी संध्याकाळी कुणाला बसा म्हटलं नव्हतं. ती गेली की पुन्हा मी आणि ही नदी. तिसऱ्या दिवशी मात्र पावलं सज्ज्यापर्यंत आलीच नाहीत. अर्ध्या जिन्यात थांबली, बराच वेळ तिथंच राहिली. चढवत नव्हतं तिला. मग मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी माझी प्रत पिशवीत घातली आणि स्कूटर काढली. गाव सोडलं आणि गाडी जड झाली. मागं कुणी बसलं की जशी दबते तशी. मी आरशात बघितलं नाही.

ज्या पुलावर पान सापडलं त्याच्या पुढं आणखी एक पूल होता. त्याच्या कठड्यावर दगड, दगडाखाली पान. 'आई, हा दुसरा. आता भाताची शेतं येतील.' त्याच्या पुढं एका वळणावर, वडाच्या मुळाशी: 'आई, उजवीकडं. डावीकडं जाऊ नकोस, तिकडं खाण आहे.' मी एकेक वाचत गेले, हात एकालाही लावला नाही. शेवटचं पान एका कुंपणाला खोचलेलं होतं. 'आई, आलं घर.'

घर खांबांवर उभं, बांबूची जमीन, वर जायला शिडी. वर एक चाळिशीचा माणूस माझ्याकडे पाठ करून बांबूच्या कामट्या काढत होता. मी हाक मारली, त्यानं ऐकलं नाही. शिडीवर पाय ठेवला मात्र, तो गर्रकन वळला. चेहरा असा फुललेला, की असं माझ्याकडे कुणी कधी पाहिलेलं नाही. मग मी दिसले आणि तो चेहरा विझला.

त्याला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. शिडीचा हादरा त्याला जमिनीतून समजला होता. त्यानं वही पुढं केली आणि लिहिलं, 'मी इन्था. कोण पाहिजे?' अक्षरांच्या गाठी सगळ्या उघड्या.

त्या घराच्या भिंती मी तुम्हाला कशा सांगू! सगळीकडे चिठ्ठ्या. भाताच्या टोपलीवर: 'खाऊन घे, मी बाजारात.' खांबावर: 'पाय शेकला का?' त्याखाली दुसऱ्या, थरथरत्या अक्षरात: 'शेकला. तू जेव.' मायलेकरांचं इतक्या वर्षांचं बोलणं कागदावर लटकत होतं. मी चिठ्ठ्यांवर जगणारी बाई, मला हेवा वाटला. त्या बाईला दिवसभर कुणीतरी लिहीत होतं.

जमिनीवर केळीचं पान मांडलेलं होतं. त्यावर चिकट भाताचा गोळा आणि भाजलेल्या मिरचीची चटणी. दोन्हींना हात लागलेला नव्हता.

'आई दवाखान्यात गेली,' त्यानं लिहिलं. 'गावात आणून जाळलं. पण ती अजून आली नाही. रोज वाढतो. ड्रायव्हर म्हणाला होता, पुलावर मी ओरडून सांगतो. मी नको म्हटलं. तिला त्याचा आवाज माहीत नाही. तिला माझं अक्षर माहीत आहे.'

मी पेन घेतलं आणि लिहिलं, 'पुलावरचा कागद मी उचलला. माफ कर.'

तो कागदाकडे बघत राहिला. शब्दांकडे नव्हे. त्यानं पेन घेतलं आणि माझ्या ओळीखाली तेच वाक्य स्वतः लिहिलं. दोन्ही ओळी सारख्या होत्या, एका हातच्या. मी माझ्या अक्षरात लिहायचा प्रयत्न केला, परत केला. गाठ बंदच होईना. इन्था बसल्या जागी माझ्यापासून थोडा मागं सरकला.

मग मी सगळं लिहिलं. पुस्तक, प्रती, चियांगमाई, अकरावा मजला. तो रागावेल, मारेल असं वाटलं होतं. त्यानं एवढंच लिहिलं, 'तिचा पाय दुखतो.'

पान पुलावर परत ठेवायचं ते त्याच्या हातानं, आणि सगळ्या प्रती गोळा करून त्याच्या घरी आणायच्या, असं ठरलं. दुसरीकडं कुठं तिला हाक जाता कामा नये. नुतनं खरंच जीव तोडून मदत केली. शिव्या देत देत दारोदार गेली. “पुढच्या वेळी तू फुलांची चित्रं काढ, ताई, नुसती फुलं,” म्हणाली. एक प्रत तेवढी राहिली होती. ती मी कुणाला विकली नव्हती, बँकॉकला माझ्या आईला भेट पाठवली होती. आई तिथं लमाईकडे असते, माझ्या धाकट्या बहिणीकडे. पायऱ्या चढवत नाहीत म्हणून इकडं येणं तिनं कधीच सोडलं. मी लमाईला फोन केला.

“ते पुस्तक? ते मागू नकोस बाई,” लमाई म्हणाली. “उशाशी घेऊन झोपते ती. म्हणते, फिननं एवढ्या वर्षांनी काहीतरी लिहिलं मला.”

“अगं, ते मी नाही लिहिलेलं. म्हणजे मीच, पण...”

“तेच तिला सांग तू. मी नाही सांगणार. दिवसातून दहादा ते शेवटचं पान वाचते नि रडते.”

तिला काही दिसतं का, पायरीवर कुणी येतं का, हे मी विचारलं. नाही म्हणाली, इथं कुणी येत नाही. जीव भांड्यात पडला. म्हटलं, एक राहिली तर राहू दे, सणाला जाऊन घेऊन येईन.

बाकीच्या सगळ्या प्रती घेऊन मी इन्थाकडे गेले. त्यानं पुलावर जाऊन मूळ पान दगडाखाली ठेवलं, दगड नीट दाबला, पाण्याकडे बघून हात जोडले. घरी आल्यावर प्रती चुलीत घातल्या. तुतीचा कागद सावकाश जळतो. मग त्यानं ताजा भात वाढला, मला शेजारी बसवलं आणि माझा हात धरून तळवा जमिनीवर टेकवला. अशी थांब, असं खुणेनं सांगितलं.

उन्हं गेली. धुरात झाडं दिसेनाशी झाली. कुठं कुत्रं भुंकत नव्हतं, पाखरू ओरडत नव्हतं. मला नुसता माझाच श्वास ऐकू येत होता, आणि इन्थाला तोही नाही.

मग तळव्याखाली शिडी हलली. जड... हलकं... जड... हलकं... बांबू दर पावलाला किंचित दबत होता. ती माझ्यासमोरून गेली. तोच वास, आता फार विरळ. केळीच्या पानापाशी थांबली. तिथली जमीन खाली गेली, कुणी बसल्यावर जाते तशी. इन्थानं डोळे मिटले होते, गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो आवाज न करता हसत होता. मलाही रडू आलं. झालं एकदाचं, असं वाटलं. आता मी घरी जाईन, जिना रिकामा असेल, चहाचा एकच कप काढेन. चालेल म्हटलं.

मी तळवा उचलणार होते. इन्थानं माझं मनगट दाबून धरलं.

शिडी पुन्हा हलत होती.

ही पावलं वेगळी होती. एक टोकदार ठोका, मग एक पाऊल, मग दुसरं फरफटत. ठोका... पाऊल... फरफट... पायरी-पायरीला दम घेत होती. वर आली, दारात थांबली, कुणाला तरी शोधत असल्यासारखी. मग माझ्यामागं येऊन टेकली. वास नव्हता. सुगंधी पाणी नाही, दवाखाना नाही, काहीच नाही.

इन्थानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि वही ओढली.

'ही तुझी का?'

माझी आई काठी घेऊन चालते. मी उठून धावले, शिडीवरून उतरताना दोनदा घसरले. त्या दरीत रेंज नाही. स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही, त्या पहिल्या पुलावर आले तेव्हा फोनला कुठं काडी दिसली. लमाईनं लगेच उचलला.

“आई... आई कशी आहे?”

“कशी म्हणजे? आहे की. पडलीय इथंच. काय झालं तुला, एवढी का धापा टाकतेस?”

“श्वास चालू आहे? नीट बघ, लमाई.”

“वेडी आहेस का! जागी आहे ती, हे बघ, बोल तिच्याशी.”

फोन हातातून हातात गेला. मग आईचा आवाज, दमलेला पण खुशीतला.

“पोचले गं मी. किती पूल ते, पाय मोडून आले. तूच म्हणालीस ना, मागं ये म्हणून...”

“आई, तू कुठं आहेस?”

“इथंच की. घर बांबूचं आहे, जरा हलतं. तो मुलगा काही बोलत नाही, पण गरीब आहे. माझ्यासाठी पान मांडतोय बघ. शेजारी एक आजी जेवतेय. तू आत्ता इथं होतीस. उठून कुठं गेलीस?”

लमाईनं फोन परत घेतला. “ऐकलंस ना? दुपारपासून हेच चाललंय. जेवायला उठवावं तर उठत नाही. आता म्हणेल, पोट भरलं.”

मी स्कूटर वळवली आणि चे-होमकडे परत गेले. तेव्हापासून दर आठवड्याला जाते. आई तिकडं बँकॉकला खाटेवर आहे, पुस्तक अजून उशाशी, दिवसेंदिवस वाळतेय, जेवत नाही. इकडं इन्था दोन पानं मांडतो. मेलेल्या माणसाला पुलावरून घरी आणताना काय म्हणायचं ते आमच्यात लहान पोरालाही पाठ असतं. जिवंत माणसाला परत न्यायचं तर काय म्हणायचं, ते मी गावोगाव विचारलं. कुणालाच माहीत नाही.